नजरेच्या टोकावर फोन
काकांचे हात मोटर न्यूरॉनच्या आजारानं गेले, नजर मात्र अजून शिक्षकाचीच. त्यांच्या आयफोनवर मी ‘आय ट्रॅकिंग’ सुरू करून दिलं. 2024 च्या आयओएस 18 पासून ही सोय सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत आहे. फोन मात्र आयफोन 12 किंवा त्यानंतरचा हवा. वेगळं यंत्र लागत नाही. फोन स्टँडवर, चेहऱ्यापासून साधारण दीड फुटावर ठेवायचा आणि पडद्यावर जागा बदलणाऱ्या ठिपक्यामागे नजर न्यायची. तेवढ्यावरून सेल्फी कॅमेरा तुमची नजर ओळखायला शिकतो.

खरी गोम पुढेच आहे. डोळे मुळात बघण्यासाठी असतात. जिथे बघू तिथलं बटण दाबलं जाऊ लागलं तर वाचायचं कधी? म्हणून नजर एका जागी क्षणभर रोखली तरच टॅप होतो. तरी काका वैतागतात, “अरे, याला सांग, वाचू तरी दे!” मग रोखण्याचा वेळ वाढवून दिला. मोठी बटणं जमतात. कीबोर्डची बारीक अक्षरं छळतात.

अँड्रॉइडवर गूगलचं 2020 मधलं ‘लुक टू स्पीक’ अ‍ॅप आहे. त्यात डावी-उजवीकडे बघत वाक्य निवडायचं, फोन ते बोलून दाखवतो.