दर्शनी बाजूचा शिरस्ता

सुतारकामातील एखाद्या हत्याराचा परिचय करून द्यावा, असे संपादकमहाशयांनी फर्मावले, तेव्हा पटाशी, करवत, वाकस, गिरमिट ही नेहमीची मंडळी माझ्या डोळ्यांपुढे आली. परंतु पुण्याच्या भवानी पेठेत, लाकूडबाजाराच्या अलीकडे, ज्यांचा लहानसा कारखाना आहे अशा एका वृद्ध मिस्त्रींनी तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक लोखंडी रंधा पेटीच्या तळातून काढून माझ्या हाती दिला आणि त्या दुपारी बाकीच्या मंडळींची मला आठवण राहिली नाही.

रंध्याचे कूळ मोठे आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू ब्रिटन येथे १८५७ साली स्थापन झालेल्या स्टॅनली रूल अँड लेव्हल कंपनीचा हा ४८ नंबर. त्याचे पेटंट १८७५ सालचे. त्यापूर्वी फळ्या कडेला कड लावून जोडावयाच्या, तर एका कडेला जीभ काढणारा आणि दुसरीला खाच पाडणारा अशी लाकडी रंध्यांची जोडी सहसा बाळगावी लागे. ती दोन्ही कामे या एका हत्याराने पत्करली. इतिहास एवढाच पुरे. मिस्त्रींच्या वडिलांनी हा रंधा जुन्या बाजारातून घासाघीस करून आणला, एवढी भर त्यात घालतो.

मला मोह पडला तो त्याच्या आडपट्टीचा. रंध्याच्या पोटात दोन पाती शेजारी शेजारी बसविलेली असून त्यांच्यामधील मोकळ्या जागेत न कापले गेलेले लाकूड जिभेच्या रूपाने शिल्लक राहते. फळीच्या अंगाला टेकून चालणारी पट्टी मध्यावरील खिळीभोवती फिरवून उलट टोकाच्या खटक्यात अडकविली, की एक पाते तिच्याआड दडते आणि उरलेले पाते तेवढ्याच रुंदीची खाच पाडते. मोजमाप नाही, पाती बदलणे नाही. मिस्त्रींनी पट्टी फिरवली तेव्हा जो बारीकसा 'खट्' आवाज झाला, तो त्यांनी केवळ माझ्या समाधानासाठी पुन्हा दोनदा करून दाखविला.

मग त्यांनी सागवानाच्या दोन फळ्या घेतल्या, एक सात सुतांची आणि दुसरी पुरती इंचाची, म्हणजे आठ सुतांची. या रंध्याची जीभ अडीच सूत जाड. सात सुती फळीत तिच्या दोन्ही अंगांना सव्वादोन सूत लाकूड उरते, म्हणजे ती नेमकी मधोमध येते. आठ सुती फळीत मात्र दर्शनी बाजूस सव्वादोन आणि पाठीमागे सव्वातीन, असा पंक्तिप्रपंच होतो. मी आपली हुशारी दाखविण्यासाठी विचारले, "मिस्त्री, जाड फळीची खाच मधोमध नको का घ्यायला?"

"मध्य कशाला शोधायचा, साहेब? हिचा मध्य वेगळा, तिचा वेगळा. दर्शनी बाजू मात्र दोघींची एकच."

असे म्हणून त्यांनी दोन्ही फळ्यांच्या चांगल्या अंगावर पेन्सिलीने शेपटीसारखी खूण केली, जीभ काढताना आणि खाच पाडतानाही पट्टी त्याच खुणेच्या बाजूस टेकविली आणि फळ्या एकमेकींत सारल्या. वरून बोट फिरविले तर सांध्याची जागा नखाला लागेना. उलथून पाहिले तर पाठीवर एका सुताची पायरी सरळ उभी. जाडीतला फरक त्यांनी नाहीसा केला नव्हता. जेथे कोणाची नजर जाणार नाही अशा ठिकाणी त्याची रवानगी केली होती.

या हुन्नराला मर्यादा आहेत, आणि मिस्त्रींनी त्या लपविल्या नाहीत. पाऊण इंचापासून सव्वा इंचापर्यंतच्या फळ्यांसाठीच हा रंधा. त्याहून पातळ कामासाठी कंपनीने ४९ नंबरचा धाकटा भाऊ काढला होता. फळीला पीळ असेल तर दर्शनी बाजूच खोटी साक्ष देते, म्हणून आधी ती रंध्याने सपाट करावी लागते. आणि पावसाळ्यात लाकूड फुगते, तेव्हा उन्हाळ्यात आवळून बसविलेली तक्तपोशी उचलली जाण्याची भीती असते. खाचेच्या तळाशी आणि भिंतीच्या कडेला थोडी मोकळीक ठेवण्याची तजवीज करावीच लागते.

परंतु त्यांची खरी तक्रार प्लायवूडविषयी होती. जिभेच्या सांध्यात फळीची जाडी खाचेत शिरतच नाही. कपाटाची फळी मात्र उभ्या बाजूच्या खाचेत सबंध शिरावी लागते, आणि तेथे जाडीचा हिशेब चुकविता येत नाही. भारतीय मानकाप्रमाणे ६ मिलिमीटर व त्यापुढच्या प्लायला जाडीत पाच टक्के कमी-अधिक होण्याची मुभा आहे, म्हणजे अठराची म्हणून विकली जाणारी फळी १७.१ पासून १८.९ पर्यंत काहीही असू शकते. खाच पाडणाऱ्या राऊटर यंत्राचे पाते अठराचे म्हणजे अठराचेच. पातळ फळी त्या खाचेत डुगडुगते, जाड फळी शिरतच नाही, आणि दोन्ही अंगांना सनमायका चिकटविला की सगळा जमाखर्च पुन्हा मांडावा लागतो.

यावर त्यांचे दोन उपाय. पहिला असा, की जी फळी बसावयाची तिचाच तुकडा उभा धरून दोन्ही कडा सुरीने आखाव्यात आणि अरुंद पात्याने दोन फेऱ्यांत रेघांच्या आतले लाकूड काढावे. दुसरा त्याहून चतुर: खाच मुद्दाम अरुंद पाडून फळीच्या टोकाची खालची बाजू तासावी आणि खाचेला बसेल एवढीच जीभ ठेवावी. म्हणजे वरची बाजू बिनबोभाट जुळते आणि फरक पुन्हा न दिसणाऱ्या अंगाला जातो. ४८ नंबरच्या आडपट्टीचा शिरस्ता येथे आडपट्टीवाचून पाळला जातो, एवढेच.

कंत्राटी कामाच्या घाईत मात्र यांपैकी काहीच होत नाही. माझ्या स्वतःच्या पुस्तकांच्या कपाटाची फळी खाचेत हलते, आणि तिच्याखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवून मी आजवर वेळ मारून नेली आहे. ज्या वाचकांना नवे कपाट करून घ्यावयाचे असेल, त्यांनी भाव ठरविण्याआधी कारागिराला एवढेच विचारावे, की खाच पाडण्यापूर्वी फळी मोजणार की तिच्यावर छापलेला आकडा वाचणार.