४९७ दिवसांनी शून्यावर

तुळजापूर किंवा उमरग्यात कुठल्याही कार्यालयात ‘नेट गेलंय’ म्हटलं की आधी केबलकडे बोट जातं. पण दोष कधी कधी कार्यालयातले संगणक जोडणाऱ्या नेटवर्क स्विचच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. स्विच किती वेळ चालू आहे हे अनेकदा ३२ बिटांच्या आकड्यात, सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजलं जातं. ही मोजणी ४,२९,४९,६७,२९५ वर पोचली, म्हणजे सुमारे ४९७ दिवस झाले, की पुन्हा शून्यावर येते. प्रोग्राममध्ये याचा विचार केलेला नसेल तर स्विच अडखळतो, क्वचित बंदही पडतो. खरा इलाज सुधारित सॉफ्टवेअर. ते मिळेपर्यंत वेळ ठरवून स्विच रीस्टार्ट करा. तुळजापुरात तर नवरात्राच्या गर्दीआधीच. रीस्टार्टपूर्वी सेटिंग मात्र सेव्ह कराच, नाहीतर केलेले बदल पुसले जातील.