गुणांची पाटी माझ्या हातात आली तेव्हा



शिकागोला मुलीकडे राहत असताना मी एका कवितेच्या स्पर्धेत परीक्षक झाले होते, हे मागे एकदा बोलता बोलता सांगितले, तेव्हा अनेकांनी विचारले, "बाई, कवितेला गुण देतात तरी कसे?" म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तिकडे या स्पर्धेला पोएट्री स्लॅम म्हणतात. मुलीच्या घराजवळच्या वाचनालयाच्या तळघरात महिन्यातून एकदा, सप्टेंबर ते मे, ती भरत असे. पन्नासेक खुर्च्या, एक माइक आणि दाराशी कॉफी. मी कोपऱ्यात बसले होते. सूत्रसंचालक तरुण सरळ माझ्याकडे आला आणि त्याने विचारले, इथे तुमचे कोणी नातेवाईक किंवा ओळखीचे कवी आहेत का? मी नाही म्हटले. कवितेतले मला फारसे कळत नाही, हेही सांगून टाकले. तो खूष झाला आणि त्याने माझ्या हाती एक छोटी पांढरी पाटी व मार्कर पेन दिले. परीक्षक असेच निवडतात, श्रोत्यांतून, ऐन वेळी, पाच जण. जाणकार असण्याची अट नाही. अट एवढीच की कोणाशी लागेबांधे नसावेत.

मी तीस वर्षे शाळेत वक्तृत्व स्पर्धा आणि संडे स्कूलमध्ये वचन पाठांतराच्या स्पर्धा तपासल्या. उच्चाराला दहा, पाठांतराला दहा, हावभावाला दहा, असा तक्ता समोर असायचा. इथे तक्ताच नाही. शून्य ते दहा यांपैकी एक आकडा, दशांशासह, पाटीवर लिहायचा आणि सर्वांना दिसेल असा वर धरायचा. लपवाछपवी नाही. आकडा पटला नाही तर श्रोते ओरडतात, तेही कवीवर नाही, परीक्षकावर! परीक्षकाची हुर्यो उडवायला परवानगी असलेली स्पर्धा मी आयुष्यात प्रथमच पाहिली.

ही कल्पना शिकागोतलीच. मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगाराने १९८६ मध्ये तेथील ग्रीन मिल या जाझ क्लबमध्ये दर रविवारी संध्याकाळी हा कार्यक्रम सुरू केला. (कधीकाळी अल कपोनच्या टोळीची ऊठबस असलेली ही जागा. आपल्यापैकी कोणी रविवारी संध्याकाळी तिथे गेले असते असे नाही!) कवी आपल्याच तंद्रीत वाचतात आणि लोक जांभया देतात, हे त्याला खुपत होते. लोकांच्या हाती गुण दिले की कवीला लोकांकडे पाहून बोलावे लागेल, असा त्याचा हिशेब. पुढे ही पद्धत गावोगावी गेली आणि १९९० मध्ये सान फ्रान्सिस्कोला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

नियम थोडे आहेत. कविता स्वतःची हवी. वाद्य नको, वेशभूषा नको, हातात वस्तू नको, कागद चालतो. वेळ तीन मिनिटे, वर दहा सेकंदांची सवलत. त्यानंतर प्रत्येक दहा सेकंदांना अर्धा गुण कापतात. पाच आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान काढून टाकतात आणि उरलेल्या तिघांची बेरीज करतात, म्हणजे जास्तीत जास्त तीस. कोणी मैत्रीखातर दहा दिले किंवा आकसाने दोन दिले, तर ते आपोआप गळते. मला हे फार आवडले. आमच्या शाळेत ही सोय असती तर कितीतरी रुसवेफुगवे टळले असते.

सुरुवातीला स्पर्धेत नसलेला एक जण कविता म्हणतो, परीक्षकांचा हात बसावा म्हणून. त्याला ते गमतीने बळीचा कवी म्हणतात. पण एका कवितेने हात बसत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आठ स्पर्धकांत चिठ्ठीने पहिला क्रमांक आला एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीचा. दवाखान्यात डॉक्टरांचे बोलणे ती लहानपणापासून आईला मेक्सिकोतल्या त्यांच्या भाषेत समजावून सांगत असे. एके दिवशी डॉक्टर जे बोलले ते तिने आईला सांगितलेच नाही, अशी ती कविता. मी ६.८ लिहिले. का? पहिलीच आहे, पुढच्यांसाठी जागा ठेवू, ही शाळेतली सवय. इतरांचे आकडे ७.५, ७.९, ८.० आणि ८.४. माझा आणि ८.४ गळाला, बेरीज २३.४.

मग एकेक कवी येत गेला आणि आम्हा पाचही जणांचे आकडे चढत गेले. सभागृह तापते, टाळ्या वाढतात, हात सैल होतो. याला तिथे स्कोअर क्रीप असे नावच आहे. आठव्याला मी ९.१ दिले, आणि लिहितानाच कळले की त्याची कविता त्या मुलीच्या कवितेपेक्षा सरस नव्हती. पण मागचा आकडा बदलता येत नाही.

यावर उतारा म्हणून दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करतात. मुलगी शेवटी आली. या वेळी मी ९.८ दिले. बाकीचे ९.०, ९.३, ९.४, ९.५. बेरीज २८.२, त्या फेरीतली सर्वांत मोठी. पण तिने ३ मिनिटे २४ सेकंद घेतली होती. एक गुण कापला गेला. दोन्ही फेऱ्या मिळून ५०.६. दुसऱ्या क्रमांकाला ५१.१ होते.

दर महिन्याचे पहिले दोघे मेमधल्या अंतिम फेरीत जातात आणि अंतिम फेरीतल्या चौघांचा गावाचा संघ होतो. ती तिसरी आली, म्हणजे त्या महिन्यापुरती बाहेर.

रात्री घरी जाताना मी मुलीला म्हटले, "माझा आकडा तर गळलाच होता, मग माझा काय दोष?" ती हिशेबात पक्की. म्हणाली, "आई, तू तळाला होतीस म्हणून ७.५ मोजला गेला. तू साडेआठ दिले असतेस तर तो ७.५ आणि तुझे साडेआठ गळले असते, आणि ८.४ मोजला गेला असता. ०.९ वाढले असते." म्हणजे ५१.५, दुसरा क्रमांक. मी घरी कागदावर पुन्हा बेरीज केली. बरोबर होती.

पुढच्या महिन्यात सूत्रसंचालक पाटी घेऊन आला तेव्हा मी हात जोडले. ती मुलगी आली होती. तीच कविता, पण कापून तीन मिनिटांच्या आत बसवलेली. डॉक्टरांचे वर्णन गेले होते, आईचे राहिले होते. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ७.२ ची पाटी वर धरली. सगळे ओरडले. मीही उभी राहून ओरडले, आणि माझी मुलगी माझा पदर ओढत "आई, बस, बस" म्हणत राहिली.