गणित घेतेस? मग आधी तीन वर्षांचं गणित मांड!

बारावीचा निकाल लागला की पेरणीच्या लगबगीसोबत घरोघरी आणखी एक लगबग सुरू होते. टी.सी. काढा, उत्पन्नाचा दाखला काढा, सेतू केंद्रावर रांग लावा, झेरॉक्स करा. या धावपळीत एक प्रश्न मात्र मागेच राहतो. पोरीला नेमकं शिकायचंय काय? गणितात चांगले मार्क असलेल्या मुलीने ‘मला बी.एस्सी.ला गणितच घ्यायचंय’ म्हटलं, की ओसरीवर बसलेली एखादी आत्या हमखास म्हणते, ‘का करतं व बाई एवढं गणित शिकून? शेवटी मास्तरीनच व्हायचं ना!’

मैत्रिणींनो, मास्तरीण होण्यात कमीपणा काहीच नाही. गावच्या शाळेत गणित नीट शिकवणारी बाई मिळाली तर चार पिढ्यांचं भलं होतं. पण गणित म्हणजे फक्त फळा आणि खडू नव्हे. हे आत्याला पटवायचं असेल तर आधी आपल्यालाच ते नीट माहीत असायला हवं.

गणित कुठे कुठे लागतं?

फार लांब जायला नको. आपला जिल्हा कापसाचा. समजा एका घरी पाच एकर कोरडवाहू जमीन आहे आणि हाताशी रोख ८५ हजार रुपये. कापसाला एकरी २० हजार खर्च येतो नि १८ हजार नफा राहतो. सोयाबीनला एकरी १५ हजार खर्च आणि १५ हजार नफा. (आकडे समजण्यापुरतेच हं, भावाचा भरवसा कोण देणार!) एकरी नफा कापसात जास्त दिसतो, म्हणून सगळा कापूसच लावावा का? पैसे सव्वाचार एकरातच संपतील. पाऊण एकर पडीत राहील आणि नफा येईल ७६,५००. सगळं सोयाबीन पेरलं तर ७५ हजार. पण दोन एकर कापूस आणि तीन एकर सोयाबीन घेतलं तर पैसा पुरतो, जमीनही पुरते आणि नफा होतो ८१ हजार. हे उत्तर अंदाजाने नाही, दोन समीकरणं सोडवून मिळतं. यालाच ‘लिनिअर प्रोग्रामिंग’ म्हणतात. एसटीच्या फेऱ्या, गोदामातला माल, दवाखान्यातल्या नर्सच्या पाळ्या ठरवायलाही हेच गणित कामी येतं.

दुसरं उदाहरण पीक विम्याचं. मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नापेक्षा खाली गेलं की भरपाई मिळते, हे घरातल्या सगळ्यांना पाठ असतं. पण ती सरासरी काढतात कशी? पीक कापणी प्रयोगातून. कोणतं शेत घ्यायचं आणि त्यातला कोणता तुकडा मोजायचा, हे आलेल्या माणसाने मनाने ठरवायचं नसतं. ते यादृच्छिक आकड्यांवरून ठरतं, म्हणजे चांगलंच शेत निवडलं किंवा वाईटच निवडलं, असं होत नाही. या पद्धतीचा पाया आपल्या देशात १९४० च्या दशकात ज्यांनी घातला, त्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि कापसाच्या संशोधनातून आलेले डॉ. पानसे ही नावं मोठी आहेत. आपल्या बांधावर येणारा पैसा संख्याशास्त्रातून येतो, ही गोष्ट आत्याला जरूर सांगा.

‘उपयोजित गणित’ नावाची पाटी शोधत बसू नका

आपल्याकडे ‘उपयोजित गणित’ असं नाव असलेली पदवी क्वचितच मिळते. यवतमाळचं अमोलकचंद महाविद्यालय, पुसदचं फुलसिंग नाईक महाविद्यालय, वणीचं लोकमान्य टिळक महाविद्यालय अशी विज्ञान शाखेची कॉलेजं जिल्ह्यात आहेत आणि ती संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत. तिथे बी.एस्सी.ला कोणते विषय आणि कोणत्या जोड्या मिळतात, ते ऑफिसात जाऊन विचारायचं. पाटीवर नाव काय आहे यापेक्षा गणिताच्या जोडीला आपण काय घेतो, यावरच ती पदवी किती ‘उपयोजित’ होईल ते ठरतं.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. एक मुख्य विषय म्हणजे मेजर, त्याच्या जोडीला मायनर, शिवाय कौशल्याचे नि इतर छोटे पेपर. तेव्हा जोडी जुळवताना असा विचार करा:

* गणित आणि संख्याशास्त्र: विमा, बँक, सरकारी आकडेवारी, शेती आणि आरोग्याचे सर्व्हे. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा द्यायची तर पदवीला संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. नुसत्या गणितावर ते दार उघडत नाही. ही गोष्ट तिसऱ्या वर्षाला कळून उपयोग नाही, ती प्रवेशाच्या वेळीच कळायला हवी.
* गणित आणि संगणक: पुढे एमसीए किंवा डेटाची कामं.
* गणित आणि भौतिकशास्त्र: पुढे एम.एस्सी., संशोधन, किंवा शाळेत गणित-विज्ञान दोन्ही शिकवायची तयारी.
* गणित आणि अर्थशास्त्र: कॉलेजात मिळत असेल तर बँकिंग आणि स्पर्धा परीक्षांना छान.

डाळ आदल्या रात्रीच भिजवावी लागते

सकाळी वडे करायचे तर डाळ आदल्या रात्री भिजवावी लागते. गणिताच्या विषयांचंही तसंच आहे. कॅल्क्युलस कच्चं राहिलं तर डिफरन्शियल इक्वेशन्स समजत नाहीत. ती समजली नाहीत तर न्यूमरिकल मेथड्समध्ये नुसती सूत्रं पाठ होतात. संभाव्यता आली नाही तर संख्याशास्त्र अडतं. आणि लिनिअर अल्जिब्रा तर मिठासारखं, सगळ्याच भांड्यांत लागतं.

म्हणून प्रवेश झाल्यावर पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून सगळ्या सेमिस्टरांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. मोठ्या कागदावर सहा रकाने आखा. कोणता पेपर कोणत्या पेपरावर उभा आहे, ते बाणाने दाखवा. ज्याच्यातून जास्त बाण निघतात तो पेपर ‘पास झालं की झालं’ म्हणून सोडायचा नाही, त्याच्यासाठी सुट्टीतसुद्धा वेळ द्यायचा.

साधारण आराखडा असा ठेवा. पहिल्या वर्षी कॅल्क्युलस आणि बीजगणित पक्कं करा, कौशल्याच्या पेपरात एक्सेल किंवा पायथॉन मिळत असेल तर तेच घ्या. दुसऱ्या वर्षी डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता यांवर भर द्या आणि एखादं छोटं काम स्वतः करून पाहा. गावातल्या चार-पाच वर्षांच्या पावसाचे किंवा बाजार समितीतल्या कापसाच्या भावाचे आकडे घेऊन आलेख काढा. तिसऱ्या वर्षी न्यूमरिकल मेथड्स, ऑपरेशन्स रिसर्च आणि पुढच्या प्रवेश परीक्षेची तयारी. पेपरांची नावं आणि क्रम विद्यापीठाप्रमाणे थोडे मागेपुढे होतील, पण पाया तोच राहतो.

वेचणी आणि परीक्षा एकाच वेळी

आता आपल्या भागातली खरी अडचण. हिवाळी परीक्षा येतात तेव्हाच कापसाची वेचणी जोरात असते. मजूर मिळत नाही, घरी सगळ्यांचे हात लागतात आणि कॉलेजातल्या मुलीलाही ओटी बांधून वावरात जावं लागतं. यात लाजण्यासारखं काही नाही, पण नियोजनात ते धरायला हवं. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या सेमिस्टरचा जड भाग दसऱ्यापर्यंत संपवायचा, असं घरीच ठरवून टाका. परीक्षेआधीचे पंधरा दिवस वेचणीतून सुट्टी हवी, हे आईबाबांशी ऑगस्टमध्येच बोलून ठेवा. ऐन वेळी मागितलं की भांडण होतं.

तासांचा हिशेबही समजून घ्या. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये वर्गातले पंधरा तास, प्रात्यक्षिकाला तीस. सेमिस्टरला साधारण बावीस क्रेडिट असतात. म्हणजे आठवड्याला बावीस तास तर कॉलेजातच जातात. त्यात एसटीचा जाण्या-येण्याचा वेळ मिळवा आणि मग उरलेल्या वेळात रोज दोन तास फक्त गणिताची उदाहरणं सोडवायला ठेवा. वाचायला नाही, सोडवायला! दुसऱ्याला पोहताना पाहून कोणी पोहायला शिकत नाही.

शिकवणी परवडत नसेल तर स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे तास फुकट पाहता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी लागते. गणिताची विशेष गोडी असेल तर एमटीटीएस हे शिबिर माहीत असू द्या. १९९३ पासून उन्हाळ्यात भरणाऱ्या या शिबिरात पाठांतर नव्हे, तर विचार करायला शिकवतात.

मधेच बाहेर पडायचं दार

नव्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडायचं तर चार क्रेडिटचं जादा काम करावं लागतं. सोय चांगली आहे, पण तिच्यात एक खोच आहे. ‘एक वर्ष झालं, सर्टिफिकेट मिळालं, स्थळ चांगलं आलंय’ असं म्हणायला घरच्यांना आयतं निमित्त मिळू शकतं. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर कुणी नोकरी देत नाही, पदवीवर देतात. ही गोष्ट पोरीने नाही, आईने ठामपणे सांगायची.

आणि खरोखरच थांबावं लागलं तर? मिळवलेले क्रेडिट ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात. तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करता येते. सासरी जाणाऱ्या प्रत्येक मुलीने आपला एबीसी क्रमांक दागिन्यांच्या डबीत जपून ठेवावा!

थांबून पुन्हा सुरू करणाऱ्या बायका काय करू शकतात, याचं उदाहरण आपल्याच भाषेत आहे. डॉ. मंगला नारळीकर १९६४ साली मुंबई विद्यापीठात एम.ए. गणितात पहिल्या आल्या. लग्न झालं, परदेशात संसार झाला, तीन मुली झाल्या. पण त्यांनी गणित सोडलं नाही. १९८१ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली, नंतर शिकवलं, मराठी मुलांसाठी लिहिलं आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी कामही केलं. २०२३ मध्ये त्या गेल्या. पदवी आणि पीएच.डी. यांच्यामध्ये सतरा वर्षं गेली, पण ती वाया गेली नाहीत.

पैशाचं गणित

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. आदिवासी मुलींनी वसतिगृहासाठी पांढरकवडा किंवा पुसदच्या प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी, इतर प्रवर्गांनी समाजकल्याण कार्यालयात. एसटीत २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, पण विद्यार्थ्यांचा मासिक पास त्याहूनही स्वस्त पडतो, तो काढा. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं. पण ते केंद्रीय पद्धतीने प्रवेश होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. बी.एस्सी.ला ते लागू होईल असं धरून चालू नका. पुढे एमसीए करायचं असेल तर मात्र हा मुद्दा लक्षात ठेवा.

पदवीनंतरचा रस्ता

आयआयटीत एम.एस्सी. करायचं तर ‘जॅम’ ही परीक्षा फेब्रुवारीत असते आणि ती तिसऱ्या वर्षाला असतानाच देता येते. तिच्यात गणिताचा पेपर आहे आणि संख्याशास्त्राचाही. जवळ राहायचं असेल तर अमरावतीला १९२३ पासून उभी असलेली विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे. विमा क्षेत्रातलं ‘अॅक्च्युअरी’ व्हायचं असेल तर त्याची प्रवेश परीक्षा बारावीनंतरच देता येते. मार्ग लांब आहे, पेपर बरेच आहेत, पण चिकाटी असलेल्या मुलीला साजेसा आहे. खरं सांगायचं तर यातल्या बऱ्याच नोकऱ्या यवतमाळात नाहीत. नागपूर, पुणे गाठावं लागेल. मुलगी बाहेर राहणार का, हे घरी पहिल्या वर्षीच बोलून घ्या.

प्रवेशाआधी एवढं विचारून घ्या

* गणित मेजर घेतलं तर मायनरला कोणकोणते विषय मिळतात?
* संख्याशास्त्र शिकवायला शिक्षक आहेत का?
* संगणकाची प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते? शेवटची एसटी त्यानंतर आहे ना?
* चौथं वर्ष, म्हणजे ऑनर्स, याच कॉलेजात आहे की दुसरीकडे जावं लागेल?
* मायनर बदलायचा झाला तर कधीपर्यंत बदलता येतो?

आणि आयांनो, एक विनंती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मुलीसोबत तहसीलला जाता, तसंच एक दिवस तिच्यासोबत कॉलेजच्या गणित विभागातही जा. सरांशी, मॅडमशी बोला. आपल्याला त्यातलं काही कळत नाही म्हणून मागे राहू नका. बाजारात भाजीवाल्याने तीन रुपये जास्त घेतले तर तोंडी हिशेब करून परत मागणारी बाई गणितात कच्ची असूच शकत नाही.