हट्टी डॅशहुंडला शिकवताना

हाक मारली की डॅशहुंड वळून बघतो आणि पुन्हा चप्पल चावायला लागतो. त्याला हट्टी ठरवण्याआधी त्याचं मूळ काम आठवावं. जर्मनीत ही बुटकी जात बिळात राहणाऱ्या बॅजर या प्राण्याच्या शिकारीसाठी घडवली गेली. जमिनीखालच्या अंधाऱ्या बिळात पुढे सरकायचं की मागे, हे कुत्र्यालाच ठरवावं लागे. विचारायला मालक जवळ नसे. स्वतःच्या डोक्याने चालणं हा त्याचा गुणच होता.

अशा कुत्र्याला शिकवायचं तर बक्षीस हवं. ज्या कृतीनंतर काही सुखद घडतं, ती प्राणी पुन्हा करतो, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. सगळी मेख वेळेत आहे. ‘बस’ म्हटल्यावर बूड टेकताक्षणी खाऊ मिळायला हवा. तुम्ही डबा शोधेपर्यंत तो उठून भुंकू लागला, तर बक्षीस भुंकण्याला मिळतं! खाऊ वाटाण्याएवढा पुरे. खेळकर पिल्लाला तर चेंडूही चालतो. खेळताना हात चावला, तर खेळ तिथेच थांबवून पाठ फिरवा. मारू मात्र कधीच नका. घाबरलेलं कुत्रं शिकत नाही, फक्त तुम्हाला टाळायला लागतं. सराव चार-पाच मिनिटांचाच, पण रोज. आणि घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरावा. आईचं ‘बस’, आजोबांचं ‘सिट’ आणि मुलांचं ‘खाली’ यांतून त्याला काहीच उमगत नाही.