चुंबकीय पातळ पटले, सूक्ष्मतरंगी

काच, सिलिकॉन यांसारख्या आधारद्रव्याच्या पृष्ठावर बसविलेल्या चुंबकीय द्रव्याच्या थरास चुंबकीय पातळ पटल म्हणतात. त्याची जाडी काही नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मी.) ते काही मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = १०⁻⁶ मी.) असते. सूक्ष्मतरंगांच्या, म्हणजे ३०० मेगॅहर्ट्‌झ ते ३०० गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) पल्ल्यात लोखंडाची ठोकळ्याच्या स्वरूपातील मिश्रधातू जवळजवळ निरुपयोगी ठरते. तीच मिश्रधातू पातळ पटलाच्या रूपात मात्र उपयोगी पडते. हा फरक प्रामुख्याने आकारामुळे पडतो.

मर्यादांची कारणे : धातूत उच्च कंप्रतेचे क्षेत्र चक्राकार विद्युत् प्रवाह (भोवरा प्रवाह) निर्माण करते व त्यामुळे ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. तसेच हे क्षेत्र पृष्ठापासून फार आत शिरू शकत नाही. उच्च पार्यतेच्या (चुंबकीय स्रोत वाहून नेण्याच्या क्षमतेच्या) लोह-कोबाल्ट मिश्रधातूत १ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेला ही खोली एका मायक्रोमीटरहूनही कमी असते.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. द्रव्याचे चुंबकीकरण त्याला धरून ठेवणाऱ्या क्षेत्राभोवती कलत्या भोवऱ्याच्या अक्षाप्रमाणे फिरते. या परांचन गतीची कंप्रता दर टेस्लास सु. २८ गिगॅहर्ट्‌झ असते. बाह्य कंप्रता तिच्याशी जुळली की, अनुस्पंदन होऊन ऊर्जेचे तीव्र शोषण होते व त्यापलीकडे द्रव्याची पार्यता नाहीशी होते. पार्यता मोठी हवी असेल, तर चुंबकीकरणास धरून ठेवणारे क्षेत्र दुबळे असावे लागते. परंतु क्षेत्र दुबळे असले की, अनुस्पंदन कंप्रताही खाली येते. पार्यता व अनुस्पंदन कंप्रता यांच्या गुणाकारास संतृप्त चुंबकीकरणाने ठरणारी कमाल मर्यादा असते, असे डच शास्त्रज्ञ जे. एल. स्नूक यांनी १९४८ मध्ये फेराइटांच्या अभ्यासातून दाखविले.

पटलाचे वैशिष्ट्य : पटलात चुंबकीकरण प्रतलातच राहू पाहते. परांचनात ते प्रतलाबाहेर किंचित झुकताच दोन्ही पृष्ठांवर विरुद्ध ध्रुव प्रकट होतात आणि त्यांचे प्रबळ क्षेत्र परांचनाचा वेग वाढविते. १९४६ मध्ये जे. एच. ई. ग्रिफिथ्स यांना धातूच्या पातळ थरांत अपेक्षेहून कित्येक पट अधिक अनुस्पंदन कंप्रता आढळली होती. तिचे हे स्पष्टीकरण चार्ल्स किटेल यांनी पुढे दिले. उदा., लोह-कोबाल्टाचे संतृप्त चुंबकीकरण सु. २·४ टेस्ला व प्रतलातील धारक क्षेत्र ०·००५ टेस्ला मानल्यास गोलाकार नमुन्यात अनुस्पंदन ०·१४ गिगॅहर्ट्‌झला, तर पटलात सु. ३ गिगॅहर्ट्‌झला होते. पटलाची सापेक्ष पार्यता त्याच वेळी सु. ४८० राहते.

नॅनोसंरचित द्रव्ये : आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून ते आधारद्रव्यावर बसवितात व त्या वेळी चुंबकीय क्षेत्र लावून प्रतलातील सुलभ दिशा ठरवितात. स्फटिककण काही नॅनोमीटरांचे असल्यास शेजारच्या कणांच्या परस्परक्रियेमुळे त्यांच्या निरनिराळ्या दिशांचे परिणाम सरासरीने पुसले जातात आणि द्रव्य चुंबकीय दृष्ट्या मृदू बनते. कोबाल्टाचे असे कण ॲल्युमिनियम किंवा झिर्कोनियम यांच्या ऑक्साइडात विखुरल्यास विद्युत् रोधही पुष्कळ वाढतो व भोवरा प्रवाह घटतात.

उपयोग : संकलित मंडलातील प्रवर्तन वेटोळी लहान करणे आणि इलेक्ट्रॉनीय उपकरणांतील अनिष्ट तरंग शोषून घेणे यांसाठी धातूची पटले वापरतात. यिट्रियम-लोह गार्नेट हे निरोधक असून त्यातील ऊर्जाव्यय अत्यल्प असतो. त्यामुळे तरंगांना एकाच दिशेने जाऊ देणारी साधने व कंप्रता बदलता येणारे छानक यांत ते वापरतात.

पटलाच्या उपयोगाला त्याची जाडीच मर्यादा घालते. पातळपणामुळे त्याचे गुण टिकतात. पण पातळ पटलातून वाहणारा चुंबकीय स्रोतही थोडाच असतो. जाडी वाढविल्यास भोवरा प्रवाह पुन्हा बळावतात. म्हणून चुंबकीय व निरोधक थर आलटूनपालटून रचतात. तथापि निरोधक थरांनी व्यापलेल्या जागेपुरते चुंबकीय द्रव्य कमी होते. यास्तव थरांची संख्या व जाडी यांचा मेळ प्रत्येक साधनाच्या कंप्रतेनुसार घालावा लागतो.