दिवा मंद होतो तेव्हा...

आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली, की घरातले दिवे क्षणभर मंद होतात. सासूबाई पोथीतून मान वर न करताच म्हणतात, “लागली वाटतं गिरणी!” पण अशा मंद होणाऱ्या दिव्यावर अख्खा रहस्यपट उभा राहू शकतो, हे मला यंदाच्या दिवाळीत कळलं.

लेक पुण्याहून आली होती. “आई, तुझ्या कामाचा सिनेमा आहे, बघच,” म्हणून तिनं लॅपटॉपवर ‘गॅसलाईट’ लावून दिला. १९४४ चा, कृष्णधवल. पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाच्या १९३८ सालच्या नाटकावर बेतलेला. हे नाटक अमेरिकेत ‘एंजल स्ट्रीट’ या नावानं आलं आणि त्याचे हजाराहून जास्त प्रयोग झाले. १९४० मध्ये इंग्लंडमध्येही त्यावर एक सिनेमा निघाला होता. मी पाहिला तो त्यानंतरचा, हॉलिवूडचा. दिग्दर्शक जॉर्ज क्युकोर. नायिकेच्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. नाटकातून आल्यामुळे असेल, पण बराचसा सिनेमा एका घराच्या चार भिंतींतच घडतो. आणि बाईचा छळ तरी दुसरीकडे कुठं होतो म्हणा!

गोष्ट जुन्या लंडनची, गॅसच्या दिव्यांच्या काळातली. पॉलाच्या मावशीचा, एका प्रसिद्ध गायिकेचा, राहत्या घरात खून झालेला असतो. पुढे पॉला इटलीत गाणं शिकत असताना ग्रेगरीच्या प्रेमात पडते. दोन आठवड्यांच्या ओळखीवर लग्न होतं आणि नवऱ्याच्या हौसेखातर ती मावशीच्या त्याच घरात राहायला येते. मग सुरू होतं ते वस्तूंचं हरवणं. त्यानं दिलेली ब्रूच पर्समधून गायब. भिंतीवरची तसबीर गायब. तो ओरडत नाही की हात उगारत नाही. मऊ आवाजात म्हणतो, तू विसरतेस हल्ली. भेटायला आलेल्यांना परत पाठवतो, हिची तब्येत बरी नसते म्हणून. मोलकरणींसमोर तिचा पाणउतारा करतो. (त्यातली उद्धट पोरगी म्हणजे अँजेला लॅन्सबरी, तिचा हा पहिलाच सिनेमा!)

रोज रात्री नवरा बाहेर पडला, की पॉलाच्या खोलीतला दिवा मंद होतो आणि वर माळ्यावर पावलं वाजतात. वरच्या मजल्यावर नळ सोडला, की खालच्या नळाची धार बारीक होते ना, तसंच गॅसचं. वर कुणीतरी दिवा लावलेला असतो, म्हणून खालचा मंदावतो. पण विचारणार कुणाला? स्वयंपाकीण कानानं अधू. हळूहळू पॉलालाच वाटायला लागतं, आपलं डोकं फिरलंय.

खुनी कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. मावशीचे हिरे शोधायला माळ्यावर जाणारा तिचाच नवरा! पण मला हलवून सोडलं ते दुसऱ्याच प्रसंगानं. ब्रायन नावाचा पोलीस अधिकारी तिच्या खोलीत येतो. दोघं बोलत असताना दिवा मंद होतो आणि तो त्यालाही दिसतो. तेव्हाचा पॉलाचा चेहरा बघा! “म्हणजे मी वेडी नाही” एवढं कळल्यावर बाई कशी उभी राहते, ते त्या एका क्षणात दिसतं.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. मैत्रिणींनो, एक कबुली देते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

काही वर्षांपूर्वी मी काम करते त्या सल्ला केंद्रात एक बाई आली होती. अंगावर वळ नाही. नवरा निर्व्यसनी, नोकरदार, चारचौघांत गोड बोलणारा. तक्रार काय, तर घरातल्या वस्तू हलतात. कपाटाची किल्ली, दुधाचे पैसे, हिशेबाची वही. मग तोच त्या शोधून काढतो आणि मुलांना सांगतो, “तुमच्या आईचं डोकं ठिकाणावर नाही.” मी तिला काय म्हणाले? “थकली असशील गं, जरा झोप काढ, एखादं टॉनिक घे.” रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहिलं, ‘किरकोळ’. ती पुन्हा आली नाही.

भाऊबीज झाल्यावर रजिस्टर शोधून मी तिला फोन लावला. आधी ती गप्पच. मग म्हणाली, “ताई, आता मी सगळं लिहून ठेवते. कुठली वस्तू कुठं ठेवली, तारीख-वेळ घालून.” मी विचारलं, “आणि ती वही कुठं ठेवतेस?” म्हणाली, “शेजारच्या काकूंकडे. त्यांनी एकदा त्यांना किल्ली उचलताना बघितलं होतं.” दिवा मंद झालेला त्या काकूंना दिसला होता. मला दिसला नव्हता.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाच मानला आहे. वळ दाखवावेच लागतात असं नाही; संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. ती बाई माझ्याकडे आली तेव्हा हे मला ठाऊक होतं, हेच जास्त लागतं. या छळाला इंग्रजीत आता ‘गॅसलायटिंग’च म्हणतात, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशानं हा वर्षाचा शब्द ठरवला. आपल्याकडे शब्द नसेल, गोष्ट मात्र घरोघरी ऐकू येते.

आता चष्मा सापडला नाही म्हणून लगेच नवऱ्यावर संशय घेऊ नका हं! विसरायला आपणही होतोच. पण प्रत्येक वेळी चूक तिचीच निघत असेल, माणसं तिच्यापासून तोडली जात असतील, “हिचं काही खरं नाही” असं बाहेर पसरवलं जात असेल, तर थांबून ऐका.

पुढच्या आठवड्यात ती केंद्रात येणार आहे, काकूंना आणि वहीला घेऊन. रजिस्टरमधला तो ‘किरकोळ’ शब्द मी खोडला आहे.